फळीवर पाणी फिरवलं नाही

सांगली, सोमवार, मार्च १९४६

यंत्र चुकीचं घेतलं. इथे तरी कबूल करायला हरकत नाही.

मुंबईच्या दुकानात लाकूड घासायची विजेची यंत्रं दोन होती, एक पट्ट्याचं आणि एक गोल चकतीचं. चकतीचं झपाट्याने काम करत होतं. दुकानदाराने सागाची फळी घासून दाखवली, मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि भाळलो. आमच्या कारखान्यातले म्हातारे मिस्त्री भिकूआबा माझ्याबरोबर यायला निघाले होते. धुतलेलं धोतर पिशवीत घेऊन स्टेशनवर आले होते. मीच त्यांना परत पाठवलं. वर म्हणालो, "आबा, यंत्रातलं तुम्हांला काय कळणार?" तेही चारचौघांत.

आज पाळण्याच्या फळ्या चकतीवर घासल्या. चांगल्या गुळगुळीत दिसत होत्या. आबांनी ओलं फडकं फिरवलं मात्र, आणि लाकडाच्या रेषांना आडवे असे अर्धगोल ओरखडे फळीभर उठले. पॉलिश चढल्यावर तर ते आणखीच दिसणार.

आबा हळूच म्हणाले, "आवं मालक, घ्यायच्या आदी फळीवर पानी फिरवलं न्हाई व्हय?"

नाही फिरवलं. सुचलंच नाही. आबा बरोबर असते तर त्यांनी आधी ओलं फडकंच मागितलं असतं.

 मग आबा काचकागद घेऊन खाली बसले आणि ओरखडे हाताने घालवू लागले. चिडले असते तर बरं झालं असतं.

फळीवर पाणी फिरवायचं राहिलं, हे खरं. पण आबांच्या चाळीस वर्षांच्या कामावर ते मी स्टेशनवरच फिरवून गेलो होतो.