वाघबारशीला दिलेलं उत्तर

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

ताईनं राखीपौर्णिमेला मला ही डायरी दिली तेव्हा मी म्हणालो होतो, डेअरीवर दुधाचं फॅट तपासणारा माणूस रोज काय लिहिणार? 'सहादेव आज पुन्हा डेअरीवर गेला'? ती म्हणाली, मग कुठंतरी फिरायला जा आणि त्याबद्दल लिही. तर घे ताई, आलो फिरायला!

मी, मच्छिंद्र आणि श्रीमंत. शाळेपासूनचं त्रिकूट. दरवर्षी दिवाळीआधी कुठंतरी जायचं ठरतं आणि मोबाईलवरच विरतं. यंदा मच्छिंद्रनं गाडी घेतली म्हणून जमलं. सकाळी गावाहून निघून घोडेगाव मागं टाकलं, संगमनेरला मिसळ खाल्ली, अकोल्याच्या पुढं डोंगर सुरू झाले आणि आम्ही तिघंही काचा खाली करून बघत राहिलो. आमच्याकडं ऑक्टोबर म्हणजे नुसता रखरखाट. इथं भात पिवळं होऊन वाकलंय, बांधाबांधावर सोनकी फुललीय, ओढ्यांना अजून पाणी आहे. राजूरला पेढे घेतले. श्रीमंतनं अर्धे गाडीतच संपवले आणि वर विचारतो, एवढेच घेतले होते का?

मुक्काम राजूरच्या पुढं एका वाडीत, मच्छिंद्रच्या ओळखीच्या रंभाजीबाबांकडं. बाबा सत्तरीचे, बोलणं मोजकं. त्यांची बायको भागूबाई मात्र मोकळ्या तोंडाची. आम्ही पूर्वेकडचे म्हटल्यावर तिनं पहिलं काय विचारलं, तर "तुमच्याकडं प्यायला तरी पानी हाय का?" आम्हाला जेवू घालताना ती स्वतः जेवायची विसरली. उद्या वाघबारस आहे, ती बघूनच जा म्हणाली. परवा धरणावर जाऊ. इतकं निवांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

गाडीत बसून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

आमच्याकडं आज वसुबारस, गाय-वासराची पूजा. इथं गुरं रानात चरतात, तेव्हा आधी वाघाची मनधरणी. शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे, त्याच्यापुढं खीर शिजते. मग गुराख्यांतला एकजण वाघ होतो. अंगावर घोंगडी, तोंडावर गेरूचे आणि कोळशाचे पट्टे. बाकीचे काठ्या आपटत त्याला शिवेपर्यंत पळवतात आणि विचारतात, परत येशील का आमच्या शिवारात? त्यानं तीनदा नाही म्हणायचं. मग ओढ्यात अंघोळ केली की तो पुन्हा माणूस. त्याला नावानं हाक मारून वाडीत आणतात.

दरवर्षी वाघ होणारा यंदा पाय मोडून घरात बसलाय. श्रीमंतला व्हिडिओ हवा होता, त्यानं मला पुढं ढकललं. रंभाजीबाबा म्हणत होते, परगावचं माणूस नको. हट्ट आमचाच. खरं ते लिहून ठेवलेलं बरं.

मजा आली, खोटं कशाला बोलू! चार पायांवर धावलो, डरकाळ्या फोडल्या, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दगडापाशी पोचलो तेव्हा दम लागला होता. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा भागूबाईनं विचारलं. सकाळी तिनं आग्रह करकरून मला दोन वाट्या खीर वाढली होती. ज्या बाईनं मायेनं जेवू घातलं तिला तोंडावर नाही म्हणायचं? आमच्या आईचं वळण असलं नाही. मी हात जोडले आणि म्हणालो, येईन की मावशी, नक्की येईन.

काठ्या थांबल्या. श्रीमंत एकटाच हसत होता.

रंभाजीबाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला ओढ्यात अंघोळ करायला लावली, पण कुणी हाक मारली नाही. वाडीत पाऊल टाकू दिलं नाही, आमच्या पिशव्या शिवेवर आणून दिल्या. मी खीर खाल्लेली वाटी भागूबाईनं रडत रडत मातीत पुरली. बाबा म्हणाले, "पोरा, तू वाघ हुतास तवा बोललास. ते बोलनं आता वाघाचं हाय, तुजं न्हाई." उपाय एकच सांगितला. आपल्या गावच्या शिवेवर, माझ्याच आईच्या पोटच्या माणसानं हाच प्रश्न मला पुन्हा विचारायचा. त्यानं एकट्यानं यायचं, लहान पोर बरोबर नको. भाऊबिजेचा दिवस मावळायच्या आत मी नाही म्हणालो की सुटलो.

गाडीत बसल्यावर आम्ही हसलो. मच्छिंद्र जरा कमी हसला.

१८ ऑक्टोबर, शनिवार. घरी

सहलीचा विचका झाला. रात्र गाडीतच काढली, सकाळी श्रीमंतच म्हणाला, चला परत.

घोडेगावला चहाला थांबलो. शेजारी टेम्पो उभा होता, कालच्या बाजारातल्या पाच म्हशी भरलेल्या. मी गाडीतून उतरलो आणि त्या सगळ्या एकदम उठल्या. एकीनंही आवाज काढला नाही. पाचही जणी टेम्पोच्या एकाच बाजूला रेटून उभ्या राहिल्या, फळी मोडली, एक खाली पडली. तिचा पाय वाकडा झाला तरी ती माझ्यापासून लांब सरपटत होती. टेम्पोवाला म्हणाला, असं आपण बापजन्मात पाहिलं नाही. हॉटेलसमोरची कुत्री बाकाखाली पोट टेकून पडली होती. श्रीमंत तिथूनच दुसऱ्या गाडीनं घरी गेला.

अंग दोनदा साबणानं धुतलं. रंग कधीच गेलाय. वास मात्र येतोय, उन्हात तापलेल्या केसांचा. आईला विचारलं, तिला येत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरची म्हैस पान्हा चोरतेय. आईनं रेडकू लावून पाहिलं, पेंड दिली, गोंजारलं. मी गोठ्याच्या दारातून बाजूला झालो आणि तिनं दूध दिलं. आई माझ्याकडं बघत राहिली. मग कुणाची तरी नजर लागलीय म्हणून तिनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका मला लागला नाही. आई मात्र खोकून बेजार झाली.

फराळाची चव लागत नाही. चकली खाल्ली, माती चावल्यासारखी. करंजीही तीच. तिला वाईट वाटू नये म्हणून तीन खाल्ल्या आणि मागं जाऊन ओकलो.

श्रीमंत फोन उचलत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे आईनं उटणं लावलं, अंघोळ घातली. पाठीवर हात फिरवता फिरवता थांबली. काय गं, म्हटलं. काही नाही म्हणाली.

नंतरचं नीट आठवत नाही. ऊन वर आलं तेव्हा मी शेजारच्या उसात बसलो होतो. पाचटानं हात कापले होते. तोंडात शेळीचे केस होते. शेजारच्या छबूबाईची शेळी सकाळपासून सापडत नाही, ती बांधावर उभी राहून हाका मारत होती. मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. हलायचं नाही, एवढंच मला कळत होतं. ती गेल्यावर रडलो. मी कुणाच्या वाळल्या पाचोळ्यावर कधी पाय दिला नाही हो!

सगळं मच्छिंद्रला सांगितलं. तो हसला नाही. त्यानं राजूरच्या दुकानदाराला फोन करून रंभाजीबाबांना गाठलं. बाबा एवढंच म्हणाले, "बहिनीला बोलवा. आन् बिजेपत्तुर त्येला कच्च्या मासाचा वास नगा दिऊ."

उशीर झालाय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

ताईला फोन केला. ती नाशिकला सासरी. सगळं सांगितलं. ती म्हणाली, सहादेवा, डायरी दिली म्हणजे गोष्टी रचायला नव्हती दिली. मी रडायला लागल्यावर तिचा सूर बदलला. गुरुवारी दुपारपर्यंत येते, शिवेवर थांबून तू म्हणशील ते विचारते म्हणाली.

पोरीला, संस्कृतीला, आणू नकोस, असं मी चारदा सांगितलं. चार वर्षांची आहे, मामा मामा करत अंगावर चढते. हो रे बाबा, म्हणाली.

हो म्हणताना ती हसत होती.

घरात लक्ष्मीपूजन. पणत्यांकडं बघवत नाही. डोळ्यांत पाणी येतं. आई पाटावर बसलीय. तिच्या गळ्याची शीर उडते ती मला इथून, ओसरीवरून दिसतेय. ऐकूही येतेय.

निघतो. तिच्याजवळ थांबायचं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. शिवेवर

बाभळीखाली आहे. मच्छिंद्रनं म्हशीचं दावं आणून मला बुंध्याला बांधलं. मीच सांगितलं. हात मोकळा ठेवलाय, लिहायला. लिहीत असतो तोवर मी मी असतो. थांबलो की —

मच्छिंद्र बांधावर बसून आहे. घरी जा म्हटलं, जात नाही. पाडव्याच्या दिवशी बायको-पोरं सोडून इथं बसलाय. शाळेत माझा मार यानंच खाल्ला होता. लई चांगला माणूस. चांगला —

नाही. नाही. नाही. नाही. म्हणता येतंय अजून. आवाज जाड येतो, पण येतो.

२३ ऑक्टोबर. बीज

दावं तुटलंय. चावून. कधी —

मच्छिंद्र बांधापलीकडं आहे. हाक मारली. ओ देत नाही. तिकडं जाऊन बघायचं नाही. बघायचं नाही —

भूक नाही आता. हे वाईट आहे. हे फार वाईट —

नाही म्हणून पाहिलं. घशातून दुसरंच निघालं. पुन्हा म्हणायचं. ताई येईपर्यंत म्हणत राहायचं. एकदा जमलं की बस. आई, एकदाच —

ऊन उतरलंय. सडकेला एसटी थांबली. ताई उतरली. हातात ताट, रुमाल झाकलेला. ये ताई. लवकर ये. लांबूनच विचार —

दोघी आहेत.

आणलं तिला. पिवळा फ्रॉक. चार वेळा सांगितलं होतं मी, चार वेळा —

हात सोडला तिनं. मामा म्हणून ओरडली. पळत येतेय. चाल बाळा, चालत ये, उभी राहा, पळू नको, पळताना काही दिसलं की मी —