दीड कोयता

१२ नोव्हें., अंकुशनगर
ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. माळावर त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पोरांसाठी माझी साखरशाळाही, पत्र्याच्या शेडात. पोरं भरपूर, शिवाय एक शेळी. हजेरीत शेळीच पहिली येणार असं दिसतंय.

१४ नोव्हें.
बालदिन. बिस्किटं वाटली. घरात माणसं किती, असं एकेकाला विचारत होते. रेणुका (असेल बाराची) ताठ उभी राहिली. "आमी दीड कोयता." नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची मोजणी तशीच. उरलेला अर्धा म्हणजे ही बाई! धाकट्या भावाला तर मोजलंच नाही. सगळी पोरं तिच्याकडे मोठ्या मानानं बघायला लागली. मला आधी हसू आलं, मग राग. पण तिला रागवणार कशी? केवढ्या ऐटीत सांगत होती.

१७ नोव्हें.
रेणुका त्यानंतर आलीच नाही. म्हणून उसाच्या फडात गेले. बाप, विष्णूभाऊ, ऊस तोडतात, ही मोळ्या बांधते. आईची कंबर धरलीय, बसल्या बसल्या जमेल तेवढं पाचट काढते. मी भांडायच्या तयारीनं गेलेली. विष्णूभाऊ शांतपणे म्हणाले, "मलाबी वाटतं मॅडम, शिकावं तिनं. मंग मोळ्या कोन बांधील, तेवढं सांगा." चहा पिऊन परत. चहा मात्र फक्कड.

२१ नोव्हें.
सकाळी फडाला निघालेला ट्रॅक्टर गाठला. आज विष्णूभाऊच लेकीला म्हणत होते, उतर, जा शाळेत. पोरगी ट्रॉलीतून हलेना. आईला वाकता येत न्हाई म्हणे. मग माझ्याकडे वळून, मोळी बांधता येती का? नाही म्हटलं.
"मंग चला, शिकवते."
चढले की! शेडातली पोरं मदतनीस ताईंच्या गळ्यात.
दिवसभर मोळ्या. पहिली उचलताच सुटली, अख्खा फड हसला, तिची आईसुद्धा. रेणुका बांधावर बसून माझ्या पिशवीतलं सहावीचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती, मधेच थांबून मला "अजून आवळा" म्हणून दटावत होती. हात सोलपटलेत, पेन धरवत नाही. पण फार मजा आली, खोटं कशाला लिहू.
संध्याकाळी पुस्तक माझ्यापुढं धरून तिनं विचारलं, "मॅडम, उद्या कोन बांधील?"
पुस्तक तुझ्याकडेच ठेव म्हणाले.