पाडाची वाट

॥ श्री ॥
मुक्काम अमरावती, श्रावण शु. ७, शके १७८६

ती. गोदाबाईस धाकटा भाऊ सूर्यभान याचा सा. न. वि. वि.

तुहं पत्र पावलं. इकडं सगळे खुशाल हाय, पण कामानं हैरान हाय. तिकडं साता समुद्रापल्याड गोऱ्याइची लढाई जुंपली अन् इकडं आपल्या पऱ्हाटीले सोन्याचे दिवस आले. मुंबईचे दलाल बैठकीतून हालून नाई राहिले. येणारा कापूस ठेवाले जागा नाई, म्हणून परसात कोठा बांधतो. दसऱ्याच्या आत झाला पाहिजे.

मधात उभं हाय ते नासपातीचं झाड. आपल्या रामरावानं परतवाड्याच्या छावणीतून रोप आणून लावलं अन् तो गेला, हे तुले का सांगू? भावाची याद मलेही येते. पण झाडानं देल्लं काय? कच्चं चावलं त दात हालते. तू म्हणली, आंब्यासारखी पाडाची वाट पाहा, पहिलं फळ पिकून आपल्या मनानं खाली आलं का मग बाकीची उतरव. दोन साल तसंच केलं. पाड पडला वरून पिवळाजर्द, फोडला त आतून काळा, सडका. आता पोळ्यापर्यंत थांबतो. पुढं नाई.

परवाच्या वावधनात हिरवीच फळं पडली, ती टोपलीभर गाडीवाल्यासंग धाडून राहिलो. तुले लय कौतुक हाय न त्या झाडाचं? घे, चाव.

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नको, येवढंच मागणं.
तुहा सूर्यभान

॥ श्री ॥
अकोले, श्रावण शु. १३

चि. सूर्यभान यास गोदाबाईचे अ. उ. आ.

पत्र माहे दीर नत्थुजी लिहून राहिले. ते माह्या 'मले'चं 'मला' करत होते. म्या म्हटलं, असं लिहिसान त भाऊ मले वळखणार नाई, जसं बोलते तसं लिहा.

टोपली पावली. नत्थुजींनी एक फळ चावलं अन् संध्याकाळपर्यंत गाल धरून बसले. बाकीची म्या बैलाइच्या कुटारात ढकलून देल्ली. बहिणीची थट्टा कराले तुले बरी फुरसत भेटते रे.

आता झाडाचं. कापूस तुले यंदा दिसला, पण ते झाड आपल्या रामरावाच्या पार्बताले उठल्याबसल्या दिसते. तिले ना लेकरू ना बाळ. नवऱ्याच्या हातचं येवढंच काय ते उभं हाय. ते पाडलं त त्या घरात तिनं कोनाच्या तोंडाकडं पाहून दिवस काढावे? कोठा जरा बाजूनं सरकव, तुहा कापूस काई रुसणार नाई.

कोन्या झाडाचं फळ पाडाआधी उतरवते? मग याचंच काहून उतरवा? हात लावू नको. पाड पडू दे. यंदाही तो सडका निघाला त मी आडवी येत नाई, मग तू जाण अन् तुही कुऱ्हाड जाणे.

भावजयीले सांभाळ. आमच्यावर जीव असू दे.
गोदाबाई

॥ श्री ॥
अकोले, श्रावण व. ८

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

आधी कुऱ्हाड खाली ठेव, मंग पुढचं वाच.

आज सकाळी बैलाले कुटार काढाले गेली त कोठीत घमघमाट. हात घातला त तुहीच फळं. रंग जराकसा पालटला, पण देठाजवळ अंगठा दाबला त रुतला. चिरलं त आत पांढरंशुभ्र अन् रस मनगटावरून वाहून राहिला. नत्थुजींनी तीन खाल्ली, गाल कुठं दुखत होता तेही इसरले.

सूर्यभान, चूक झाडाची नाई, चूक माही हाय. मीच पाड पाड करत बसली. हे फळ आंबा नाई रे! झाडावर ठेवलं त आतून आधी पिकते, अन् वरून पिवळं दिसेस्तोर आत सडून जाते. ते हिरवंच उतरवा लागते अन् घरात पिकवा लागते. वाऱ्यानं पडलेल्याइचे देठ पाहिले, टोकाशी साफ सुटलेले हाय, मोडलेले नाई. म्हणजे ती उतराले आलीच होती. तू एकेक फळ हातात धर अन् आडवं उचल. देठ सहज सुटला त तोड, नाई त राहू दे. उतरवलेली कुटारात घाल.

काटेपूर्णेले पूर हाय, डाक अडून हाय. पूर उतरला का पहिल्या गाडीवाल्याजवळ हे पत्र देते. तोवर पाड पडला त? शब्द मीच देऊन बसली. मले भेव लागून राहिलं. 

बहिणीवर लोभ असंल त थांब.
गोदाबाई

॥ श्री ॥
मुक्काम अमरावती, भाद्रपद शु. ४

ती. गोदाबाईस सूर्यभानाचा सा. न.

पाड वद्य एकादशीले पडला. फोडला, काळा निघाला. तू आडवी येणार नव्हती, म्हणून पोळ्याचीही वाट पाहिली नाई. झाड त्याच दिवशी पाडलं. तुहं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

झाड पडलं तवा पार्बता रडली नाई. पडलेल्या फांद्याइत शिरून एकेक हिरवं फळ पदरात गोळा केलं अन् आपल्या खोलीत घेऊन गेली. तुहं पत्र आलं ते म्या तिच्या दाराबाहेर उभं राहून मोठ्यानं वाचलं.  मंग तिनं कुटाराची टोपली आत नेली.

पोळा झाला अन् घरभर वास सुटला. बाई, बैठकीत बसवत नाई. दलाल इचारते, कायचा वास हाय पाटील? मी काय सांगू?

काल जेवाले बसलो. आपल्या घरात धाकट्याची बायको भासऱ्याशी बोलत नाई, हे तुले ठाऊक हाय. लग्न होऊन आली तवापासून म्या तिचा आवाज धड आयकला नाई. काल तिनं स्वतः ताट आणलं. ताटात चिरलेली नासपाती. मी म्हटलं, माह्या गळ्याखाली उतरणार नाई. ती गेली नाई. डोक्यावरचा पदर सावरून समोर उभी राहिली अन् म्हणाली, "लावणाऱ्यानं चाखली नाई. तोडणाऱ्यानं तरी चाखा."

म्या खाल्ली. लय गोड हाय.

कोठ्याचे खांब येऊन पडले हाय, उभे करा म्हणाले तोंड उघडत नाई. पूर त ओसरलाच हाय, तू ये. टोपलीत अजून फळं हाय, अन् आजही तिनं एक वाढली. माह्यानं एकट्यानं जेवल्या जाऊन नाई राहिलं.

लोभ ठेव कसं म्हणू? पण ये.
तुहा सूर्यभान