सात चाळीसची घसरण

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. फोन सोडून कागद घेऊन बसलोय त्याला कारण आहे. फोन कानाला लावला की मी रेडिओतल्यासारखा बोलायला लागतो. सातवीत असताना तूच मला सुनावलं होतंस, "बाबा, मला जाहिरात नको, उत्तर दे." तेव्हापासून काही गंभीर सांगायचं असलं की मला माझ्या आवाजाचा भरवसा वाटत नाही. अक्षर वाईट आहे माझं, पण ते गोडगोड बोलत नाही.

येत्या सोमवारी तुमच्या मुख्यालयातून माणसं येतायत आणि माझ्या सकाळच्या कार्यक्रमाचा निकाल लागणार आहे. तुला ठाऊक असेलच. चौदा केंद्रांची सकाळ एकाच इमारतीतून चालवायची, आणि प्रत्येक शहरात तिथल्या ओळखीच्या निवेदकाचा आवाज ऐकवायचा, पण यंत्रानं बनवलेला, असा बेत आहे. माझ्या सव्वीस वर्षांच्या रेकॉर्डिंगांमधून त्यांनी माझाही आवाज तयार केलाय. दोन मिनिटांचा नमुना आणि संमतीचा कागद गेल्या महिन्यात आला. मी नमुना आईला ऐकवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, हा तुमच्यापेक्षा बराय. खोकत नाही." मग परत लावायला सांगितला आणि हात थांबवून ऐकला. म्हणाली, "याच्याशी भांडता नाही येणार पण." मी तो कागद घडी करून डायनिंग टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलाय. टेबल आता हलत नाही, म्हणजे कागदाचा काहीतरी उपयोग झाला.

कार्यक्रम का बंद करायचा, तर त्यासोबत एक अहवाल आलाय आणि त्यात एक आलेख आहे. आमच्या ॲपवर सकाळी सात वाजल्यापासून ऐकणाऱ्यांची रेघ छान चढत जाते, आणि बरोबर सात अडतीसला कड्यावरून ढकलल्यासारखी खाली येते. निम्म्याहून जास्त लोक बंद करून निघून जातात. सात चाळीसला मी बोलायला लागतो: कुठला रस्ता खणलाय, कुणाचा चष्मा सापडलाय, आणि मग उशीवाल्यांचा प्रश्न, म्हणजे गादी-उशीच्या दुकानाची जाहिरात आणि बरोबर उत्तराला उशांचं बक्षीस. त्यावरून अहवालात निष्कर्ष काढलाय की निवेदक बोलायला लागला की श्रोता पळतो, तेव्हा बोलणं काढा आणि गाणी वाढवा. आमच्या केंद्रप्रमुखांनी तो मला वाचून दाखवला तेव्हा बिचारे माझ्याकडे न बघता पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. खरं सांगू? तीन दिवस मला ते पटलंच होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल वाईट ते पटकन पटतं.

चौथ्या दिवशी इस्त्रीवाल्या बाई आल्या. बाजारामागे त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे, सकाळी सहापासून उभ्या असतात. आल्या त्या स्वागतकक्षातल्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, त्या लबाड माणसाला बोलवा, तोपर्यंत मी उठणार नाही. लबाड माणूस म्हणजे मी. मी बाहेर आलो तर म्हणतात, "सहा महिने झाले, मला रोज उत्तर येतं, रोज फोन लावते आणि रोज तुम्ही दुसऱ्यालाच उशा देऊन मोकळे! तुमच्या मेहुण्यांना वाटता का?" मी म्हटलं, बाई, मला एकच मेहुणा आणि तो उशी घेत नाही, त्याला मानेचा त्रास आहे. त्या हसल्या नाहीत. आमचा इंजिनिअर, तोच तो लांबुळका, ज्याला तू अँटेनाकाका म्हणायचीस, तो तिथंच उभा होता. त्यानं बाईंचा फोन घेतला, ॲप लावलं आणि टेबलावरच्या रेडिओशेजारी ठेवला. सकाळचा भाग पुन्हा लागला होता. रेडिओतला मी विजेत्याचं अभिनंदन करत होतो आणि फोनमधला मी अजून प्रश्नच विचारत होतो. अँटेनानं घड्याळ लावलं. अडतीस सेकंद! ॲपवरचं सगळं रेडिओच्या मागून अडतीस सेकंदांनी येतं. पहिला फोन जिंकणार, असा खेळ, आणि ॲपवाल्यांच्या कानात प्रश्न पडेपर्यंत उशा दुसऱ्याच्या घरी पोचलेल्या.

मी बाईंची माफी मागितली. त्या जरा निवळल्या आणि जाता जाता सहज बोलून गेल्या, "आमच्या गल्लीत सगळ्यांना माहितीय हे. उशीची वेळ झाली की फोन बंद करतात आणि घरातला जुना रेडिओ लावतात. माझाच रेडिओ बिघडलाय, म्हणून मी अडकले." अँटेनानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. भिंगरे, तुला आता सांगायला नको. लोक पळत नव्हते, या खोलीतून उठून त्या खोलीत जात होते, माझंच ऐकायला. फक्त त्यांची पावलं अर्ध्याच घरात मोजली जात होती. रेडिओचा संच कुणाला काही कळवत नाही, तो बापडा नुसता वाजतो.

यात माझीही चूक आहे, आणि ती लहान नाही. पाच वर्षं मी रोज माइकवर घसा ताणून सांगत आलो, ॲप घ्या, ॲप घ्या. आणि स्वतः ते एकदाही उघडून ऐकलं नव्हतं. माझ्या मते खरा रेडिओ म्हणजे हवेतून येणारा, ॲप म्हणजे मुख्यालयाचं खूळ. ताठा, दुसरं काय. ज्यांना मी हातानं तिकडे पाठवलं, त्यांनाच मी रोज हरवत होतो. केंद्रातल्या अकरा जणांपैकी एकानंही हे पकडलं नाही, कारण आम्ही सगळे सकाळी आतच असतो, आम्हाला बाहेर ऐकू कसं येतं ते कळणार कसं?

मग मी काय केलं ते ऐक, आणि आधी पाणी पिऊन घे. खेळाचे नियम मुख्यालय ठरवतं, एक स्वल्पविरामही बदलायचा नाही असं परिपत्रक आहे. मी खेळच बदलला. कुणाला विचारलं नाही. आता सात चाळीसला प्रश्न विचारतो, उत्तर आपल्या आवाजात रेकॉर्ड करून आठपर्यंत पाठवायचं, आणि बरोबर उत्तरांतून एक चिठ्ठी. घाई नाही, पहिला-दुसरा नाही. पहिल्या दिवशी नऊ उत्तरं आली. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तीनशे दहा. आणि लोक नुसतं उत्तर देत नाहीत गं, पुढे बोलतच राहतात. शाळेच्या बसचा ड्रायव्हर पुलावर काय अडकलंय ते सांगतो. एक आजोबा रोज चुकीचं उत्तर देतात आणि आपलंच कसं बरोबर ते पटवतात. त्यांचे आता स्वतःचे चाहते आहेत. यातलं निवडक मी पुढच्या पंधरा मिनिटांत लावतो. नंतर अँटेना त्याचे छोटे तुकडे करून शहरातल्या भागांप्रमाणे ॲपवर ठेवतो, कुणी दुपारी ऐकतं, कुणी कामावरून परत येताना. उशीवाले परवा स्वतः आले होते. म्हणाले, गिऱ्हाईक दुकानात येऊन आजोबांची नक्कल करतंय, हे पाच वर्षांत झालं नव्हतं. त्यांच्या शेजारच्या सायकलवाल्यालाही आता जाहिरात द्यायचीय. आणि सात अडतीसचा कडा? सपाट झालाय. गेल्या आठवड्यात तर रेघ तिथं किंचित वर जाते.

रेडिओ बुडाला असं मी तू शाळेत होतीस तेव्हापासून ऐकतोय. टीव्हीनं बुडवला, मग फोननं बुडवला, आता यंत्र बुडवणार आहे. मला यंत्राशी वैर नाही. अँटेना त्याच्याकडून तीनशे उत्तरं दहा मिनिटांत लिहून घेतो, नाहीतर आमचं कंबरडं मोडलं असतं. पण माझ्या आवाजाचं सोंग घेऊन कुणी या शहराला सुप्रभात म्हणायचं आणि पूल बंद आहे हे त्याच्या गावीही नसायचं, हे मी होऊ देणार नाही. तो आवाज त्यांनी बनवला असेल, पण विश्वास ठेवणाऱ्यांनी तो माझ्यावर ठेवलाय, आणि तो सही करून देण्याची वस्तू नव्हे. परिपत्रक मोडलं म्हणून काढायचं तर काढा. तेही मी सात चाळीसला सगळ्यांना सांगून जाईन.

तुला आठवतं, चौथीत असताना तू शाळेआधी रेडिओपाशी वही घेऊन बसायचीस आणि मी किती वेळा 'म्हणजे' म्हणतो ते उभ्या रेघा मारून मोजायचीस? रात्री जेवताना निकाल. "आज सत्तावीस, बाबा. काल एकोणीस होते." त्या वहीनं मला सुधारलं, कुठल्याच साहेबानं नाही. एकदा त्रेसष्ट झाले आणि तू खाली लाल पेन्सिलीनं लिहिलंस, 'बाबा बिघडला.' त्या सकाळी आजीला दवाखान्यात नेलं होतं आणि मी खिडकीच्या काचेतून अँटेना फोनवर काय ऐकतोय ते बघत बोलत होतो. तुला नंतर कळलं तेव्हा तू ते पान फाडायला निघालीस. मी फाडू दिलं नाही. म्हटलं, मोजलंस ते अगदी बरोबर आहे, फक्त खालची ओळ बदल. तू ती खोडून लिहिलंस, 'बाबा घाबरला होता.' ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

तीन रविवार झाले, तुझा फोन नाही. आई म्हणते, कामात असेल. मी हो म्हणतो. अहवालाच्या शेवटच्या पानावर, 'विश्लेषण' या शब्दाखाली कुणाचं नाव आहे ते मी तिला सांगितलेलं नाही. केंद्रप्रमुखही म्हणूनच ग्लासाकडे बघत होते. तू काय करायला हवं होतंस? रेघ पडलेली दिसली, ती बापाची आहे म्हणून झाकायची? तसं केलं असतंस तर मला जास्त लागलं असतं. पण सोमवारी टेबलापलीकडे तू असणार, आणि तुझ्या साहेबांसमोर मी तुझा अहवाल खोडून काढणार आहे, एकेक पान घेऊन, काही हातचं न राखता. ते तुला तिथं पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. माझा सगळा दारूगोळा सोबत जोडलाय: चार आठवड्यांचे आलेख, अँटेनाच्या सेकंदांच्या नोंदी, इस्त्रीवाल्या बाईंचा नंबर. त्यांना फोन कर, मला वगळून. त्यातही काही चुकलेलं सापडलं तर सोमवारी मला सोडू नकोस. आणि नाही सापडलं, तर खालची ओळ तू स्वतः बदल, मी बदलण्याआधी. तुला कुणी नजर चुकवून सांभाळून घेतंय असं वाटायला नको, म्हणून मी तुझ्याकडे बघून बोलेन. तू वही आण. 'म्हणजे' मोज.

टेबलाच्या या बाजूलाही तुझाच,
बाबा