दस्तातली नदी

आप्पा, काल माझ्या वर्गातल्या मुलांना घेऊन वडगाव रासाईला गेले होते. हल्ली मी कोर्टात कमी आणि शिकवायला जास्त असते. कायद्याची पोरं, बोलायला भारी हुशार. एका बाईच्या विहिरीच्या हद्दीचा वाद आहे. तिच्या बाजूने दाव्याचा मसुदा यांनी शिरूरला पंख्याखाली बसूनच लिहून काढला होता. मी तो पिशवीत ठेवायला लावला आणि म्हटलं, आधी मोजणीवाल्या ताईंबरोबर उन्हात चाला, मग कायदा सांगा. तोंडं एवढीशी झाली त्यांची.

माझ्या पहिल्या दाव्याचा मसुदा तुम्ही दौंडच्या आपल्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता वाचला होता. जमीन वडगाव रासाईच्याच मामांची, मोजणीदार म्हणून निवृत्त होण्याआधी तुम्हीच मोजलेली. ‘दक्षिणेस भीमा नदी’ या ओळीवर तुम्ही थांबता. “नदी आता कुठं हाय, ते बगून आलीस का?” मी ताडकन म्हणते, “जुन्या दस्तात तसंच लिहिलंय, आप्पा. मोजणीचं तुम्ही बघा, कायद्याचं मी बघते.” तुम्ही मेथीची पुढची जुडी सोडता. नदी केव्हाच लांब सरकली होती, मध्ये गाळाची पट्टी पडली होती आणि तुमच्या नकाशात ती स्वच्छ दाखवलेली होती. मी नकाशा उघडलाच नव्हता. दाव्यातली हद्द जागेशी जुळेना म्हणून दावा फेटाळला गेला, तेव्हा मामांना काय सांगितलं मी? नकाशात चूक होती म्हणून. मामांनी पुढे दुसऱ्या वकिलाकडून जमीन राखली, पण गावात तुमचं नाव खराब झालं ते झालंच. कुणी तोंडावर विचारलं तर तुम्ही म्हणायचात, “असंल बाबा, चूक व्हती कुनाकडनं बी.” ते ऐकून मनात यायचं, आपलाच नकाशा चुकला असं तुम्हाला खरंच वाटत असेल तर? विचारायची माझी छाती झाली नाही, आणि तुम्ही गेलात.

काल मोजणीवाल्या ताईंनी यंत्र लावलं, तशी वर्गातली सगळ्यात भांडखोर मुलगी मसुदा घेऊन त्यांच्याजवळ गेली. “ताई, यात तुम्हाला काय चुकीचं दिसतंय?” ताईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. “विहीर तुम्ही बांधावर लिहिली हाय. ती बांधाच्या आत हाय, पूर्ण तुमच्या बाईंच्याच रानात. हे असंच दिलं असतं, तर अर्धी विहीर तुम्हीच देऊन बसला असता.” पोरीने तिथेच खोडून नीट लिहिलं. मला इतकं हायसं वाटलं की मी बांधावर बसकणच मारली आणि मुलांना सगळं सांगून टाकलं. नकाशा न उघडणारी वकील मीच, आणि खापर मोजणीदारावर फोडणारीही मीच. यंत्र बघायला आलेले मामा माझ्या मागेच काठी टेकून उभे आहेत, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

“मला ठावं हाय की,” मामा म्हणाले. “तुझं वडील तवाच आलं व्हतं माझ्याकडं. पुन्यांदा टेप लावून बगितलं. म्हनले, नकाशा बरुबर हाय, पन पोरगी नवी हाय. तिचं बस्तान बसंपतुर चूक माझीच ऱ्हाऊ द्या.”

म्हणजे तुम्हाला तुमच्या नकाशाची शंका कधीच नव्हती, आप्पा. एवढं कळलं आणि घरी येऊन कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले. हे पत्र टाकायचं तर कुठेच नाही. पण एक कबूल करते. मुलांसमोर मी नुसतं ‘एक मोजणीदार’ म्हणाले होते. ते माझे वडील, हे त्यांना मामांकडून कळलं.