दांड्यावरचं तेल

बाबा, तुमच्यामुळे परवा माझी नोकरी जात होती.

देवगडच्या बंदरावरचा तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. होडीवरच्या कप्पीला तेल लावायचं माझ्याकडून राहिलं. तुम्ही ओला दोर उचललात. "हात मोडले काय रे तुझे? खाऱ्या वाऱ्यात लोखंड उघडा ठेवतंस? शाळेत तुका ह्याच शिकवतंत?" मासे घ्यायला आलेल्या बायका बघत होत्या, एक तर हसली. दुसऱ्या दिवसापासून माझी आठवी बंद आणि हातात तेलाचं फडकं. नांगर, खिळे, बिजागऱ्या, जे चकाकेल त्याला तेल. मुशी माशाच्या तेलाचा वास अंगाला इतका बसला की देवळातही पोरं माझ्यापासून लांब उभी राहायची. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही मेलात तेव्हा मी रडलो नाही, आणि अजूनही रडावंसं वाटत नाही.

आता मी दुसऱ्या समुद्राकाठी आहे, पूर्वेकडे. इथून लहान रॉकेटं वर सोडतात, मी फिटरच्या हाताखाली बोल्ट आवळतो. या रॉकेटच्या डोक्यात रेडिओच्या अँटेनाचे दोन दांडे बसतात. ते टेबलावर पडले होते, खिडकी उघडी, खारा वारा थेट त्यांच्यावर. दांड्यांना हात लावायचा नाही अशी ताकीद होती. म्हणून मी हात लावला नाहीच. पिशवीतलं डोक्याला लावायचं खोबरेल फडक्यावर घेतलं आणि दोन्ही दांडे लख्ख पुसून ठेवले. विचारसुद्धा केला नाही.

इंजिनीअर मॅडम नागपूरच्या. दांडा उजेडात धरून ओरडल्या, "अरे, हे काय फासून ठेवलंय? भजी तळायची आहेत का यावर?" मागून ठेकेदार म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. मॅडमनी मात्र मला समोर बसवून सांगितलं. खूप वर हवा विरळ असते, तिथल्या उन्हाने तिच्या कणांतून विजेचे बारीक कण सुटे होतात, त्याला प्लाझ्मा म्हणतात. दांडा त्यात शिरला की ते चपळ कण आधी येऊन त्याला चिकटतात. मग दांडाच पुढच्यांना ढकलतो आणि त्याच्याभोवती एक पातळ, जवळजवळ रिकामं कवच तयार होतं. त्यामुळे जमिनीवर जुळवलेली अँटेना वर गेली की वेगळीच वागते, आणि ती किती बदलली यावरूनच वर किती कण आहेत ते कळतं. "तेलाचा थर असला तर विजेचा भार त्या थरावर साचतो, कवच बिघडतं. मग ती आकाशाची नाही, तुझ्या तेलाची बातमी देते."

दांडे धुवावे लागले, सगळी जुळवणी परत. मी खाली बघत होतो. मनात तुम्हाला शिव्या देत होतो, तोंडाने देता आल्या नाहीत त्या सगळ्या. तुमचं एकच शहाणपण, सगळ्या जगाला लावायचं, आणि न लावणाऱ्याला दोर.

मॅडमनी विचारलं, "लोखंड दिसलं की तेल, हे कुणी शिकवलं तुला?"

"वडलांनी."

"काय करतात?"

"होडीवर जातात. तांडेल आहेत, होडीचे प्रमुख."

मॅडम ठेकेदाराला म्हणाल्या, "राहू दे याला. निष्काळजी नाहीये हा." आणि मला म्हणाल्या, "ती तेलाची बाटली माझ्याकडे दे."

म्हणजे ज्याने बुडवलं त्यानेच वाचवलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. मी काही माफ केलेलं नाही. हा कागद आईलाही दाखवणार नाही, ती वाचून उगाच डोळे पुसेल.

फक्त एक. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मी मॅडमना "जातात" म्हणालो. चूक लगेच कळली होती. सुधारली नाही.