लेनानं पाठ केलेला होकार

६ ऑक्टोबर २०१४, सोमवार

लेना शाळेतून थेट माझ्याकडे आली. हातात एक कार्ड! तिच्या क्लबच्या प्रशिक्षक डोनाबाईंनी लिहून दिलेलं. विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघाला आमची लेना हवी आहे — पाच वर्षांनी! पोरगी तेरा वर्षांची, आठवीत. एवढ्या लहान मुलीला तिथल्या प्रशिक्षकानं फोन करायचा नाही, असा नियम. तिनं केला तर मात्र त्यानं उचलावा! म्हणून गुरुवारी चारला तिनं फोन लावायचा आणि कार्डावरचा होकार म्हणायचा.

“आजोबा, पाठ करून घ्याल?”

चाळीस वर्षं वर्गात कविता पाठ करून घेतल्या. निवृत्त झाल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. छाती फुगली!

७ ऑक्टोबर

‘लहानपणापासूनचं स्वप्न’ — इथे थांबायचं. ‘तुमचाच संघ’ — इथे आवाज उतरवायचा. बाहेर मक्याची कापणी चाललेली, खिडकीतून पिवळी धूळ. मला जुना वर्ग दिसायला लागला, बाकांवरून एका सुरात उठणारा आवाज...

मध्येच तिनं कार्ड उलटं केलं. “मागचंही ऐकाल?”

“आधी ही बाजू चोख होऊ दे.”

तिनं कार्ड पुन्हा सुलटं केलं. खसखस भरलेली कोलाची, आमच्याकडची गोड पावरोटी, आणून ठेवली होती, तिला हातही लावला नाही.

९ ऑक्टोबर

माझ्याच फोनवरून बोलली. कार्ड लागलंच नाही, टेबलावर राहिलं. खूण म्हणून मी ते कवितांच्या पुस्तकात घातलं. पलीकडचे गृहस्थ इतक्या मोठ्यानं बोलतात की मला सगळं ऐकू आलं — “वा! किती मनापासून बोलतेस!”

लेनाची आई, कॅरल, माझ्या गळ्यात पडून रडली. “अख्ख्या नेब्रास्कात आठवीत कुणाला मिळालीय अशी जागा, बाबा?” कागद नाही, सही नाही, दोन्हीकडून नुसता शब्द.

मनापासून म्हणे! ती थांबायची जागा माझी होती.

१० ऑक्टोबर

चैन नाही. उगाच घरभर फिरतोय.

११ ऑक्टोबर

केस कापायला गेलो. मायलो — माझाच विद्यार्थी — कात्री थांबवून म्हणतो, “सर, नातीचं कॉलेज ठरलं म्हणे! माझ्या सुनेला सातवा महिना आहे. बाळाला उंची मोजायला कधी आणू?” सगळे हसले. मीही.

लेना बाहेर गाडीत बसून होती. विद्यापीठाचा नवा शर्ट, त्यावर जाकीट गळ्यापर्यंत बंद. कॅरलला विचारलं, पोरगी खूश आहे ना?

“घाबरलीय थोडी. पण थांबलो असतो तर जागा दुसरीला गेली असती, बाबा.”

१२ ऑक्टोबर, रविवार

पुस्तक उघडलं, कार्ड पडलं — उलटं. पेन्सिलीनं, लेनाच्या अक्षरात:

‘सर, मला खेळायला खूप आवडतं. पण मला अजून काहीच ठरवायचं नाहीये. दहावीत विचाराल का?’

उद्या शाळेतून तिला इकडेच बोलावलंय. फोन शेजारी ठेवीन. एवढंच म्हणेन — मागची बाजू म्हण, बाळा. मी ऐकतोय.